लक्ष्याला झपाटू नका

शनिवारची सकाळ. चहा आणि खारी घेऊन निवांत बसलो होतो, तेवढ्यात फोन टणटणायला लागला. आमच्या कराडच्या शाळेचा ग्रुप. एकाने कुठलीशी जुनी बातमी पुन्हा उकरून टाकली होती आणि वर लिहिलं होतं, "लक्ष्या परत येतोय रे भावांनो!!!" खाली सत्तावीस अंगठे, नाचणारी माणसं, आणि एकाचं "ओम फट् स्वाहा".

मी लिहिलं, "येऊ नये असं मला वाटतं."

झालं. तुटून पडले सगळे. "तू सॉफ्टवेअरवाला असून असं बोलतोस?" "पुण्यात जाऊन शहाणा झालास होय." "लक्ष्याचा फॅन म्हणवतोस आणि..." दुपारपर्यंत भांडत होतो. पण अंगठ्याने टाईप करत भांडताना मुद्दा काही नीट मांडता येत नाही. म्हणून आज इथे सगळं ओकून टाकतो. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

आधी ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे बहुतेक माझ्या टीममधल्या दिल्लीकरांसाठी, पण ते मराठी वाचत नाहीत). 'झपाटलेला' हा महेश कोठारे यांचा १९९३ सालचा सिनेमा. तात्या विंचू नावाचा गुंड, पोलिसाची गोळी लागून मरताना मृत्युंजय मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला येतो लक्ष्या बोळकेकडे, म्हणजे आपल्या लक्ष्मीकांत बेर्डेकडे. मूळ कल्पना हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) मधल्या चकीची, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण चकी आपल्या गावात कुणाला माहीत होता? तात्या विंचू होता. २०१३ साली 'झपाटलेला २' थ्रीडीत आला. मग तिसऱ्या भागाची घोषणा झाली, आणि २०२४ च्या सुमारास बातम्या आल्या की लक्ष्मीकांत बेर्डे यांना एआयच्या मदतीने त्यात आणायची महेश कोठारे यांची कल्पना आहे.

लक्ष्या गेला १६ डिसेंबर २००४ ला. जेमतेम पन्नाशीत.

कोठारे यांच्याबद्दल मला राग नाही. 'धुमधडाका', 'दे दणादण', 'थरथराट', 'झपाटलेला' ही नावं ज्याच्या बालपणात नाहीत त्याचं बालपण कसं गेलं असेल, असा मला प्रश्न पडतो. शिवाय लक्ष्या त्यांचा मित्र होता, माझा नव्हता. मित्राला परत बघावंसं वाटणं मी समजू शकतो. माझं भांडण त्यांच्या आठवणीशी नाही. माझं भांडण त्या कल्पनेशी आहे, आणि त्याहून जास्त तिच्यावर अंगठे देणाऱ्या आपल्याशी.

मी 'झपाटलेला' पहिल्यांदा बघितला तो थिएटरात नव्हेच. सातारा जिल्ह्यातल्या पालीच्या, म्हणजे पालच्या खंडोबाच्या यात्रेत, तंबूत. मी आठ-नऊ वर्षांचा, मामाच्या मांडीवर. बाहेर जनरेटरचा धडधडाट, आत भंडाऱ्याचा आणि भज्यांचा वास. रीळ बदलताना दोन मिनिटं अंधार व्हायचा आणि सगळा तंबू शिट्ट्या मारायचा. तेवढ्या अंधारात मामाने माझ्या मानेवर गार बोट ठेवून "ओम फट्..." म्हटलं आणि मी जो बोंबललो, की शेजारच्या बाईने मामालाच शिव्या घातल्या. त्यानंतर वर्षभर घरातल्या कपाटावरची बाहुली तोंड भिंतीकडे करून ठेवलेली होती. तेव्हा फॅनपणाच्या बाबतीत माझी परीक्षा कुणी घेऊ नये.

आता धंद्याची गोष्ट. मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे 'एआय आणणार' या दोन शब्दांत नक्की काय काय असतं ते थोडक्यात सांगतो. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबाने २ लाख १६ हजार चित्रं. एका नटाचे दहा सिनेमे घेतले की त्याच्या चेहऱ्याची चित्रं लाखांनी मिळतात. एक प्रोग्रॅम चेहऱ्याची हालचाल शिकतो: भुवई किती वर, तोंड किती उघडं, मान कुठे. दुसरा प्रोग्रॅम त्या हालचालीवर हव्या त्या माणसाचा चेहरा रंगवायला शिकतो. मग एक जिवंत माणूस कॅमेऱ्यासमोर उभा करायचा, त्याने अभिनय करायचा, आणि त्याच्या हालचालीवर मेलेल्या माणसाचा चेहरा चढवायचा. आवाजाचंही तसंच. शब्द फेकणारा एक, गळा दुसऱ्याचा. नुसत्या हुकमावर, माणूस न लावता, चित्र तयार करणारी साधनंही आता आली आहेत. पण सिनेमाभर टिकेल असं काम हवं असेल तर खाली हाडामांसाचा माणूस लागतोच.

लक्षात येतंय का? मेलेल्याचा चेहरा, आणि त्याला वावरायला एक जिवंत शरीर लागतं. तात्या विंचूला 'झपाटलेला'त नेमकं हेच तर हवं होतं! बाहुल्यातून सुटायला त्याला लक्ष्याचं शरीर पाहिजे होतं. आता आपण म्हणतोय की लक्ष्यालाच तात्या विंचू करू या. आणि टाळ्या वाजवतोय.

हे शरीर कुणाचं, ते मी जवळून बघितलंय. ते सांगणार नव्हतो, पण त्याशिवाय मी एवढा का चिडलोय ते कळायचं नाही.

माझा मावसभाऊ सांगलीत असतो. दादा म्हणतो मी त्याला. हळदीच्या एका पेढीवर हिशेब लिहितो आणि उरलेला सगळा वेळ नाटक. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका, गणपतीतले कार्यक्रम. लक्ष्याची नक्कल तर अशी करतो की बस्स. तो चेहरा पाडून थुंकी गिळणं, ते घाबरून एका पायावर मागे सरकणं. मागे एका दिवाळीत मी मावशीकडे गेलो होतो, तेव्हा लॅपटॉपवर चेहरा बदलायचं एक सॉफ्टवेअर त्याला दाखवलं. त्याच्याच नकलेच्या व्हिडिओवर लक्ष्याचा चेहरा चढवून दिला. घरभर हशा. मी म्हणजे काय, हीरो!

तो व्हिडिओ फिरत फिरत कुठेतरी गेला आणि काही महिन्यांनी दादाला बोलावणं आलं. एका दुकानाची जाहिरात. चेहरा लक्ष्याचा, बाकी सगळं दादाचं. ३ हजार रुपये आणि एक अट: कुणाला सांगायचं नाही. मजा जाते म्हणे. दादाने केली. न करून काय करतो?

पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा आम्ही तिघं भडंग खात बसलो होतो आणि मावशीच्या फोनवर तीच जाहिरात आली. मावशी म्हणाली, "बघ की रे लक्ष्या! काय गुणी पोरगा होता. असा आता होणं नाही." दादा तिच्या शेजारीच बसला होता. काही बोलला नाही.

संध्याकाळी आयर्विन पुलाकडे फिरायला गेलो तेव्हा म्हणाला, "तोंड त्याचं हाय, आईनं वळखलं न्हाई, ठीक हाय. पण चाल माझी हुती की रं. चाल बी वळखली न्हाई."

मी त्याला काय सांगणार? सॉफ्टवेअर मीच दाखवलं होतं.

आता कुणी म्हणेल, सिनेमात मोठ्या लोकांत असं होत नाही. होतं की! पीटर कुशिंग हा हॅमर कंपनीच्या भयपटांचा राजा. ड्रॅक्युलाच्या मागे लागणारा व्हॅन हेल्सिंग तो, फ्रँकेन्स्टाइनही तो. १९९४ साली वारला. २०१६ च्या 'रोग वन'मध्ये तो चक्क पुन्हा दिसला. जगभर चर्चा झाली. कुशिंगच्या चेहऱ्याखाली उभं राहून सगळा अभिनय कुणी केला होता? गाय हेन्री नावाच्या इंग्रज नटाने (हसू नका, माणसाचंच नाव आहे). श्रेयनामावलीत त्याचं नाव होतं, पण तुमच्या ग्रुपमध्ये विचारा, किती जणांना माहीत आहे ते.

आणि हे दुखणं काही एआयमुळे नव्याने आलेलं नाही. बेला लुगोसी, पडद्यावरचा पहिला गाजलेला ड्रॅक्युला, १९५६ साली वारला. त्याची थोडीशी चित्रफीत एड वुड या दिग्दर्शकाकडे पडून होती. तेवढ्यावर त्याने 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' उभा केला आणि उरलेल्या प्रसंगांत बायकोच्या हाडवैद्याला उभं केलं. तो बिचारा सबंध सिनेमाभर तोंडासमोर डगला धरून हिंडतो, कारण चेहरा दिसला तर लोकांना कळेल! आपण ते बघून पोट धरून हसतो. आज तोच डगला सॉफ्टवेअरचा झाला तर त्याला 'मानवंदना' म्हणतो.

याच्या उलट, १९९४ साली टिम बर्टनने 'एड वुड' नावाचा सिनेमा केला. त्यात लुगोसीचं काम मार्टिन लँडाऊने केलं. मेकअप केला, आवाज कमावला, पण काम स्वतःच्या नावावर केलं. त्याला ऑस्कर मिळालं. मेलेल्या नटाला परत आणायचा हा खरा मंत्र. दुसऱ्या नटाने त्याला समजून घेऊन सर्वांसमोर साकारायचं. माझा विरोध याला नाही. दादाच्या नकलेलाही नाही. गणपतीत दादा लक्ष्या होतो तेव्हा दोघंही दिसतात, लक्ष्याही आणि दादाही. जाहिरातीत दोघंही नव्हते.

आमच्या सातारा जिल्ह्याचंच एक उदाहरण देतो. रामसे बंधूंनी १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला चित्रित केला. स्टुडिओचं भाडं परवडत नाही, तर बसमध्ये माणसं भरून घाटावर चला, असा मामला. तिथून हिंदी भुतांची जी फॅक्टरी सुरू झाली, तिच्यातला सगळ्यात गाजलेला राक्षस म्हणजे 'पुराना मंदिर'चा (१९८४) सामरी. 'बंद दरवाजा'तलं (१९९०) भूतही तोच नट. त्याचं नाव अनिरुद्ध अगरवाल. रुडकीला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला माणूस. (इंजिनिअर काय काय करतात बघा. आणि आम्ही कॉफी मशीनपाशी रांग लावतो.) सामरीला बघून ज्यांची चड्डी ओली झाली, त्यातल्या शंभरातल्या किती जणांना हे नाव माहीत होतं? तो तर स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या उंचीने पडद्यावर उभा होता, तरी नाव हरवलं. मग दुसऱ्याचं तोंड लावून उभ्या राहणाऱ्या पोराचं नाव कोण लक्षात ठेवणार?

आता दुसरा मुद्दा, आणि तो फॅन म्हणून मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लक्ष्या म्हणजे चेहरा नव्हे. लक्ष्या म्हणजे समोरच्याने टाकलेला चेंडू कसा परतवायचा याची अक्कल. 'झपाटलेला' पुन्हा एकदा बघा आणि लक्ष्याकडे न बघता त्याच्या आजूबाजूला बघा. दिलीप प्रभावळकर तात्या विंचू. जो माणूस चिमणराव होतो, 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी होतो, तोच एका लाकडी चेहऱ्याच्या बाहुल्यात आपल्या आवाजाने विष भरतो. कुबड्या खवीस झालेले बिपिन वर्टी. बाबा चमत्कार झालेले राघवेंद्र कडकोळ. मधू कांबीकर, विजय चव्हाण, किशोरी अंबिये, पूजा पवार. ही सगळी माणसं सेटवर समोर उभी होती म्हणून लक्ष्या तसा होता. ती पोकळी, ते अर्ध्या सेकंदाचं थांबणं, समोरचा आज वाक्य जरा वेगळं बोलला म्हणून आपण वेगळं दचकणं. प्रोग्रॅमला यातलं काय मिळतं? पडद्यावर उरलेला निकाल. कारण मिळत नाही. तो आधीच्या लाखो लक्ष्यांची सरासरी काढून देईल. आणि लक्ष्या सरासरी कधीच नव्हता.

आणि तो बाहुला. तो बनवला रामदास पाध्ये यांनी. अर्धवटराववाले, लिज्जत पापडाच्या सशावाले पाध्ये. ग्रुपवर एकाने मला हेच तोंडावर फेकून मारलं: "बाहुला चालतो तुला, मग एआय का चालत नाही? दोन्ही खोटंच." प्रश्न चांगला आहे. उत्तर आमच्या सांगलीत आहे. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण भावे कळसूत्री बाहुल्याही करायचे, हे किती जणांना ठाऊक असतं? त्यांच्या बाहुल्या पुढे खिळखिळ्या झाल्या होत्या. त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर कुणी नाचवल्या? याच रामदास पाध्यांनी. म्हणजे तात्या विंचूचं खानदान थेट सांगलीपर्यंत पोचतं, बघा!

बाहुल्याची गंमत अशी की तो प्रामाणिक असतो. तो लाकडाचा आणि कापडाचा आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं, आणि माहीत असूनही प्रेक्षक घाबरतो. तिथे फसवणूक नसते, करार असतो. शिवाय बाहुल्याचं स्वतःचं आयुष्य नसतं. त्याला कुणी विचारायचं राहून गेलं, असं होत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे बाहुला नव्हता. त्याला स्वतःची मतं होती, हौस होती, खंत होती.

ती खंत काय होती, ते 'एक होता विदूषक' बघितला की कळतं. १९९२ चा सिनेमा, 'झपाटलेला'च्या फक्त एक वर्ष आधीचा. दिग्दर्शन जब्बार पटेल, लेखन पु. ल. देशपांडे. त्यात लक्ष्याने हसवणाऱ्याच्या आतला माणूस दाखवला. जीव ओतून केलेलं काम. आणि आपण काय केलं? पाठ फिरवली. आपल्याला घाबरून उडी मारणारा लक्ष्याच हवा होता. जिवंतपणी त्याला आपण त्या एका साच्यातून बाहेर येऊ दिलं नाही. आता मेल्यावर पुन्हा त्याच साच्यात घालणार, आणि या खेपेला तर तो नाहीही म्हणू शकणार नाही. खरं सांगा, एआय लक्ष्याकडून 'विदूषक'सारखं काम कुणी करून घेणार आहे का? डोळे मोठे करून "मेलो मेलो" करायलाच त्याला उठवणार ना?

"घरच्यांनी परवानगी दिली तर तुझं काय जातं?" हा पुढचा प्रश्न. माझं काही जात नाही, आणि घरच्यांचा मान माझ्यापेक्षा मोठा आहे. ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम'साठी (२०२४) दोन दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले तेव्हा कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदलाही दिला, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. न विचारण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. पण घरच्यांची परवानगी म्हणजे त्याची परवानगी नव्हे. माझ्या वडिलांची जमीन मला मिळेल. त्यांची सही करायचा हक्क मला मिळत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तिथे मोठं भगदाड आहे. जिवंत माणूस कोर्टात जाऊ शकतो. अनिल कपूर २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि त्यांचा चेहरा, आवाज, अगदी 'झकास'सुद्धा परवानगीशिवाय वापरायला बंदी आली. आपल्या सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांनी स्वतः दाद मागितली, तेव्हा २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याविरुद्ध आदेश दिला. पण मेलेला माणूस कुठे जाणार? सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितलं की हे हक्क माणसाबरोबरच संपतात, वारसांना मिळत नाहीत. गंमत म्हणजे याच मुद्द्यावर लुगोसीचे वारस कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल कंपनीशी भांडले होते आणि १९७९ साली हरले. पण तिथे लोकांना ते खटकलं, १९८४ साली विधिमंडळाने कायदा करून मृत कलाकाराच्या चेहऱ्याला संरक्षण दिलं, आणि २०२४ साली डिजिटल नकलेसाठी आणखी एक कायदा केला. त्याच्या आदल्या वर्षी हॉलिवूडचे नट ११८ दिवस संपावर होते, त्यातली एक मोठी मागणी हीच होती: आमची डिजिटल नक्कल आम्हाला विचारल्याशिवाय करायची नाही.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन कलाकाराला नाव लागण्याचा आणि आपल्या कामाची मोडतोड रोखण्याचा हक्क मिळाला. पण तो हक्क त्याने केलेल्या अभिनयावर. त्याने न केलेल्या अभिनयाचं काय? ज्या दिवशी तो सेटवर आलाच नाही, त्या दिवसाच्या कामाचं काय? तो कायदा लिहिला तेव्हा असा दिवस येईल असं कुणाला वाटलं नसणार.

मग काय, नुसतं रडत बसायचं? नाही. आपण फॅन लोकांनी मागायच्या गोष्टी आहेत, आणि त्या मागायला पैसे पडत नाहीत.

एक. जुने सिनेमे नीट करून द्या. 'झपाटलेला' जो मी तंबूत बघितला तो आज फोनवर असा धुरकट दिसतो की बाहुला कुठला आणि उशी कुठली कळत नाही. एआय लावायचंच असेल तर तिथे लावा. ओरखडे काढा, आवाज स्वच्छ करा, सबटायटल द्या. लक्ष्याचं खरं काम स्वच्छ दाखवण्यापेक्षा मोठी मानवंदना कुठली?

दोन. चेहरा कुणाचाही असो, खाली ज्याचं शरीर आहे त्याचं नाव सुरुवातीलाच, त्याच आकाराच्या अक्षरात लागलं पाहिजे. गप्प राहण्याची अट तर गुन्हाच मानली पाहिजे.

तीन. आज जे नट जिवंत आहेत त्यांना आजच विचारून ठेवा. करारात एक साधं कलम: माझ्या मागे माझा चेहरा आणि आवाज वापरायचा की नाही, वापरला तर कशासाठी, पैसे कुणाला. चित्रपट महामंडळाने आणि नाट्य परिषदेने मराठीत एक नमुना करार करून ठेवला तर दादासारख्या पोरांना वकील गाठावा लागणार नाही.

चार. आणि ज्याला विचारायचं राहून गेलं, त्याच्या तोंडी नवं वाक्य घालायचं नाही. बस्स. त्याचा जुना फोटो भिंतीवर लावा, जुना सीन दाखवा, त्याची आठवण काढून नवा नट उभा करा. त्याच्या मुलाला, अभिनयला, स्वतःच्या चेहऱ्याने काम करू द्या. प्रेक्षक काही एवढा मूर्ख नाही की लक्ष्या नसल्याचं दुःख त्याला झेपणार नाही. नसणं दाखवायलाही हिंमत लागते.

ग्रुपवर शेवटी एकजण म्हणाला, "जाऊ दे रे, सिनेमाच तर आहे." बरोबर आहे, सिनेमाच आहे. पण आज सिनेमात चाललं की उद्या निवडणुकीत चालतं, परवा दुकानात चालतं. आमच्या सांगलीत तर ते परवा आधी आलं.

असो. फार झालं. बिल्ड तुटलीय आणि सोमवारी माझ्याच डोक्यावर बसणार आहे.

जाता जाता एक निरोप, खास कराडच्या ग्रुपसाठी. दादाचा संघ या वर्षीही राज्य नाट्य स्पर्धेत उतरतोय, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात. दोन प्रवेशांचं काम आहे त्याचं, पण स्वतःच्या तोंडाने आहे. मावशी पहिल्या रांगेत बसणार आहे. माझ्या गाडीत तीन जागा शिल्लक आहेत. ज्यांनी ज्यांनी सकाळी अंगठा दिला, त्यांनी हात वर करा.